मुशी कोण संपवीत आहे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शार्क माशांच्या एका मोठ्या कुळातील सर्व जाती नियंत्रित व्यापाराच्या यादीत घालण्याचा निर्णय झाला. धोक्यात आलेल्या वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराखाली झालेला हा निर्णय २५ नोव्हेंबर २०२३ पासून अमलात आला. मोठमोठ्या सागरी शार्कांच्या परांचा जो जगड्व्याळ व्यापार चालतो, त्याला आळा घालणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. परंतु त्या कुळातच आपल्या किनाऱ्यावरील एक अगदी लहानसा मासा येतो. मुंबई, पालघर व रायगडकडे त्याला मुशी म्हणतात; सिंधुदुर्ग व गोव्यात मोरी म्हणतात. कोळिणीच्या पाटीत कापून ठेवलेली, कष्टकऱ्याच्या घरी आंबट-तिखट रश्शात शिजणारी मुशी अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय बनली आहे.

मुशीची संख्या घटत आहे, ही चिंता अनाठायी नाही. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०२०च्या मूल्यमापनानुसार ती संकटाच्या उंबरठ्यावरील जातींमध्ये गणली गेली आहे. अशा बातम्या आल्या की शहरी वर्तमानपत्रांतून ठरलेला सूर उमटतो: मच्छीमार अडाणी आहेत, त्यांनी हावरटपणाने समुद्र ओरबाडला, आता कायद्याचा बडगा हवा. 'मच्छीमार' या एका शब्दाखाली ट्रॉलरचा मालक, त्याच्या नौकेवर राबणारा खलाशी, होडीवाला डोलकर आणि पाटी घेऊन दारोदार फिरणारी विक्रेती या सर्वांना कोंबले, म्हणजे खरा गुन्हेगार सहजच नजरेआड होतो. म्हणून प्रश्न नेमका विचारला पाहिजे. मुशी कोण संपवीत आहे, कशासाठी संपवीत आहे, आणि तिला वाचविण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जात आहे?

एका लहान माशाची मोठी अडचण

जर्मन शास्त्रज्ञ म्युलर आणि हेन्ले यांनी १८३८ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले व त्याला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे नाव दिले. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या वाचकांस हे नाव परिचित असेल, कारण कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत 'स्कोलिओडॉन' म्हणून याच माशाचे विच्छेदन केले आहे. त्याच्या शरीररचनेवरील थिलायमपलम यांचा ग्रंथ १९२८ साली निघाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील त्याच्या जीवनक्रमाचा व संख्येचा मॅथ्यू आणि देवराज यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा या माशाविषयी पुरेसे ज्ञान नव्हते म्हणून धोरण आखता आले नाही, अशी सबब शासनाला सांगता येणार नाही.

हे ज्ञान काय सांगते? मुशी जास्तीत जास्त पाऊण मीटरपर्यंत वाढते, आणि बाजारात येणारी बहुतेक मुशी त्याहून बरीच लहान असते. ती खोल समुद्रात भटकत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि नद्यांच्या मुखापाशी राहते. जवळा, करंदी, लहान मासळी, माकूल हे तिचे खाद्य. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या प्रजननात आहे. बहुतेक मासे एका वेळी हजारो, लाखो अंडी पाण्यात सोडतात. त्यांतील असंख्य नष्ट झाली तरी वंश टिकतो. मुशी अंडी सोडत नाही. ती पिल्ले देते. तिचे अंडे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, सुमारे एक मिलिमीटरचे असते. त्यात पोषणसाठा जवळजवळ नसल्यामुळे गर्भ नाळेच्या द्वारे मातेच्या शरीरावर वाढतो. पाच-सहा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची, पूर्ण घडलेली पिल्ले जन्मतात. एका वेताला साधारणपणे सहा ते अठरा. मादी ३३ ते ३५ सेंटिमीटर लांबीची झाली म्हणजे प्रजननक्षम होते, आणि तिचे सारे आयुष्यच पाच-सहा वर्षांचे असते.

याचा अर्थ असा की इतर मोठ्या शार्कांच्या तुलनेत मुशी लवकर वयात येते व त्यामुळे बऱ्यापैकी मासेमारी सोसू शकते. पिढ्यान् पिढ्या तिची मासेमारी चालू राहूनही ती टिकली, त्याचे कारण हेच. परंतु या सोसण्याला मर्यादा आहे. वयात येण्यापूर्वीची पिल्ले आणि पोटुश्या माद्या एकाच जाळ्यात घाऊक प्रमाणात ओढल्या जाऊ लागल्या, तर ती मर्यादा हां हां म्हणता ओलांडली जाते. कारण भरपाई करावयास लाखो अंडी नाहीत, दहा-पंधरा पिल्लेच आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुशी वर्षभर पिल्ले देते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीवरील बंदी आहे. पावसाळ्यात प्रजनन करणाऱ्या मासळीला तिचा लाभ होतो. मुशीला त्या दोन महिन्यांपुरतीच उसंत मिळते आणि उरलेले दहा महिने ती उघड्यावर पडते. तिचे संरक्षण केवळ पंचांग पाहून होणार नाही. कोणते जाळे, कोणत्या पाण्यात आणि कोणाच्या नफ्यासाठी ओढले जाते, हे पाहावे लागेल.

कष्टकऱ्याचे मांस

मुशीच्या मांसाला एक विशिष्ट वास असतो. समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्यासाठी शार्क आपल्या रक्तामांसात युरिया साठवून ठेवतात. मासा मेल्यावर जीवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. म्हणून मुशी ताजी असावी लागते, लगेच बर्फात ठेवावी लागते, आणि शिजविताना चिंच-कोकमाची आंबट व मिरचीची जोड द्यावी लागते. गोव्यातील मोरीचे आंबट-तीक काय किंवा मालवणी मोरीचे मटण काय, ही चव या गुणधर्मातूनच घडली आहे. शौकिनांच्या बाजारात याच कारणामुळे मुशी दुय्यम ठरली, आणि म्हणूनच ती स्वस्त राहिली. काटे नाहीत, मधली कूर्चा काढली की निव्वळ मांस. पापलेट-सुरमईकडे पाहण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला हेच प्रथिनांचे साधन. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी देण्याची चाल कोळीवाड्यांत आहे, तशीच तमिळ किनाऱ्यावर लहान शार्क देण्याची आहे. तिकडे त्याला 'पाल सुरा', म्हणजे दुधाचा शार्क, असे नावच पडले आहे.

तेव्हा मुशी दुर्मिळ होते याचा अर्थ निसर्गप्रेमींच्या यादीतील एक नाव कमी होते, एवढाच नाही. ज्या देशात कुपोषित मातांची संख्या लाजिरवाणी आहे, तेथे गरिबाच्या ताटातील एक पौष्टिक अन्न नाहीसे होते. पाटीवर जगणाऱ्या स्त्रीच्या रोजीचा एक आधार तुटतो. मुशीचे संरक्षण व्हावे असे वाटण्याचे सर्वाधिक कारण या लोकांनाच आहे.

नफ्याचे जाळे

१९५३ पासून केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्पाचे काम सुरू झाले. सामान्य मच्छीमाराचे उत्पन्न व आहार सुधारणे हा त्याचा जाहीर हेतू होता. परंतु परदेशी बाजारात गोठविलेल्या कोळंबीला मिळणारा भाव दिसू लागताच या हेतूचे रूप पालटले. १९६०च्या दशकात यांत्रिक नौका आणि समुद्रतळ खरवडणारी ट्रॉल जाळी हाच विकास ठरला. १९६६च्या रुपयाच्या अवमूल्यनाने निर्यातदारांचे फावले. जे मच्छीमार नव्हते, पण ज्यांच्यापाशी भांडवल होते, तेही समुद्रात उतरले. कोळंबी हे सोने झाले, आणि तिच्यासोबत जाळ्यात येणारे सारे जीव हा गाळ ठरला.

मुशी कोळंबीच्याच पाण्यात राहते, कोळंबीच खाते. म्हणून कोळंबीसाठी ओढलेल्या जाळ्यात ती अपरिहार्यपणे सापडते. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीचा आस बारीक असला, आणि तो हिऱ्याच्या आकाराचा असला, म्हणजे ओढ बसताच तो मिटतो व वीतभराहून लहान पिल्लूही सुटू शकत नाही. चौकोनी आस मात्र ओढीतही उघडा राहतो. ही साधी यांत्रिक गोष्ट आपल्या मत्स्यसंशोधन संस्थांनी वर्षानुवर्षे सांगितली आहे. तरीही ती सर्रास अमलात येत नाही, कारण सुटून जाणाऱ्या प्रत्येक लहान जीवाबरोबर मालकाचा काही नफाही सुटून जातो.

पूर्वी या बारीकसारीक मासळीला फारसे मोल नव्हते. आता तिलाही गिऱ्हाईक मिळाले आहे. मत्स्यपिठाचे कारखाने ती विकत घेतात. त्या पिठापासून कोंबड्यांचे आणि तळ्यांत वाढविल्या जाणाऱ्या कोळंबीचे खाद्य बनते. भारताची सागरी उत्पादनांची निर्यात २०२३-२४ मध्ये ६०,५२३ कोटी रुपयांची झाली. त्यातील सुमारे ४०,००० कोटी रुपये एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे होते. ही कोळंबी मुख्यतः तळ्यांतली, आयात खाद्यसवयींच्या ग्राहकासाठी वाढविलेली. म्हणजे आधी समुद्रातील कोळंबीसाठी किनारा खरवडला गेला, आणि ती पुरेनाशी झाल्यावर तळ्यातील कोळंबीला पोसण्यासाठी तोच किनारा पुन्हा खरवडला जात आहे. परदेशी हॉटेलातील थाळीसाठी कोकणातील गरिबाच्या थाळीतील मासळी पिल्लावस्थेतच दळली जाते. मंत्री याला 'नील क्रांती' म्हणतात.

या यंत्रणेत खलाशाचे स्थान काय? महाराष्ट्र, गुजरात, गोव्याच्या नौकांवर आज उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्र, झारखंड आणि नेपाळमधून आलेले मजूर राबतात. पालघर-डहाणूचे आदिवासी तरुण आगाऊ रकमेच्या बंधनात अडकून गुजरातच्या नौकांवर जातात. किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही म्हणून नौका दूर जातात, सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडल्या जातात, आणि कराचीच्या तुरुंगात खितपत पडतो तो मालक नव्हे, खलाशी. जाळ्याचा आस किती असावा हे ठरविण्याचा अधिकार या माणसाला कधीच नव्हता. त्याला हावरट म्हणणे हा निव्वळ निर्लज्जपणा होय.

कायद्याचा बडगा कोणावर?

शासनाने शार्कसंरक्षणासाठी काय केले? जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात सर्व शार्क व पाकट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला जे संरक्षण, तेच मुशीला! किनाऱ्यावर कोणाशी विचारविनिमय झाला नव्हता. रोज बाजारात येणारा मासा रातोरात गुन्ह्याचा पुरावा ठरला. देशभर असंतोष उसळला, आणि डिसेंबर २००१ मध्ये सरकारला माघार घेऊन मोजक्याच जातींपुरती ती यादी मर्यादित करावी लागली. २०१३ मध्ये शार्कचे पर धडापासून वेगळे करून आणण्यास मनाई झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी आली. परे कापून जिवंत धड समुद्रात फेकण्याच्या क्रूर प्रथेविरुद्ध हे उपाय योग्यच होते. पण मुशी मारली जाते ती परांसाठी नव्हे. ती कोळंबीच्या जाळ्यात मरते. तेव्हा या उपायांनी तिचा मूळ प्रश्न सुटला नाही.

२०२२च्या आंतरराष्ट्रीय निर्णयाचा आशयही नीट समजून घेतला पाहिजे. तो स्थानिक बाजारातील विक्रीवर बंदी घालीत नाही. निर्यात करावयाची असेल, तर त्या व्यापारामुळे जातीच्या अस्तित्वास धोका नाही असे शास्त्रीय प्रमाणपत्र शासनाने द्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे जबाबदारी निर्यातदाराची आणि शासनाची आहे. परंतु नोकरशाहीचा अनुभव असा की, वरचा नियम खाली येता येता दुबळ्याच्या मानगुटीवर बसतो. कापलेल्या, खारवून सुकविलेल्या मुशीचा तुकडा पाहून ती कोणत्या जातीची, हे सांगणे जाणकारालाही कठीण. अशा स्थितीत धाक घालण्यास सोपी कोण? निर्यातगृहाचा मालक की सुक्या मासळीच्या बाजारात बसलेली बाई? २००१ची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची नसेल, तर आजच सावध राहिले पाहिजे.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. किनाऱ्यालगतचे पाणी ट्रॉलिंगपासून राखून ठेवण्याचा, जाळ्याचा आस ठरविण्याचा अधिकार शासनाला त्याने तेव्हाच दिला. चाळीस वर्षे त्यातील दंड इतके क्षुल्लक होते की मालकांनी ते धंद्याच्या खर्चात धरले. २०२१ मध्ये ते वाढवून लाखांच्या घरात नेण्यात आले, ही मच्छीमारांच्या दीर्घ आग्रहाची फलश्रुती. पण कागदावरचा दंड गस्तीनौकेविना वसूल होत नाही, आणि गस्तीनौका राजकीय इच्छाशक्तीविना हलत नाही.

दुसरीकडे पाहा. जो उथळ किनारा मुशीसारख्या मासळीचे घर आहे, तोच भराव घालून बुजविण्यास शासनाला मुळीच संकोच वाटत नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे बंदर नको, असा निर्णय डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरास मान्यता दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे. पाटीतील चार मुशींसाठी पर्यावरणाचा विचार, आणि दीड हजार हेक्टर समुद्रासाठी मात्र 'विकास': या दुटप्पीपणाला काय म्हणावे?

एका आक्षेपाला उत्तर

असे म्हटले जाईल की, पारंपरिक मच्छीमारही निर्दोष नाहीत. डोल जाळ्याचे शेपूट इतके बारीक असते की त्यात पापलेटची आणि मुशीची पिल्लेही येतात. हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डोल जाळे एका जागी रोवलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह जे आणील ते त्यात येते. ते समुद्रतळ नांगरीत जात नाही. दुसरे असे की, ट्रॉलर व पर्ससीन यांनी मोठी मासळी आधीच उचलल्यावर लहान होडीवाल्यापुढे बारीक आसाखेरीज पर्याय फारसा उरत नाही. दारिद्र्य माणसाला उद्याचे बियाणे आज खावयास लावते. त्याला शिक्षा करून बियाणे वाचत नाही. त्याचे आजचे पोट भरण्याची व्यवस्था केली, तरच वाचते.

आणि संवर्धनाची जाण मच्छीमारांना वरून शिकवावी लागते, हा समज तर इतिहासाच्या उलट आहे. पावसाळ्यात ट्रॉलिंग थांबवा ही मागणी केरळच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांनी केली. उपोषणे, निदर्शने व लाठीमार सोसून त्यांनी ती लावून धरली, आणि १९८८ मध्ये तेथील सरकारला ती मान्य करावी लागली. नोव्हेंबर १९९४ मध्ये परदेशी भागीदारीतील खोल समुद्रातील मासेमारी नौकांविरुद्ध देशभरचे मच्छीमार संपावर गेले, तेव्हा कुठे मुरारी समिती नेमली गेली व ते धोरण मागे पडले. आज ज्या बंदीकाळाचे श्रेय प्रशासन घेते, तो श्रमिकांनी लढून मिळविलेला आहे.

काय केले पाहिजे

म्हणून मुशीच्या प्रश्नावरील मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. प्रत्येक बंदरावर उतरणाऱ्या मुशीची, तिच्या आकारमानासह, नोंद व्हावी आणि ती मच्छीमार संस्थांना खुली असावी. ट्रॉलच्या पिशवीला चौकोनी आस सक्तीचा करून त्याची तपासणी बंदरात, नौका निघण्यापूर्वी व्हावी. लहान नौकांना जाळी बदलण्याचा खर्च शासनाने द्यावा. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी ट्रॉलर, पर्ससीन व प्रखर दिव्यांच्या मासेमारीला खरोखर बंद व्हावे. मत्स्यपिठाच्या कारखान्यांना पिल्लांची खरेदी वर्ज्य करावी व उल्लंघनाचा दंड कारखानदाराकडून वसूल व्हावा. बंदीकाळातील मदत नौकेच्या मालकापाशी न थांबता खलाशी व मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत पोचावी. बाजारात बर्फ, पाणी व निवारा यांची सोय व्हावी, म्हणजे थोडी मुशी विकूनही रोजी सुटेल आणि नासाडी थांबेल. निर्यातीचे प्रमाणपत्र निर्यातदाराने दाखवावे. पाटीला हात लावू नये. आणि किनाऱ्यावरील प्रत्येक भराव-प्रकल्पाच्या निर्णयात मच्छीमार ग्रामसभांचा नकार हा नकार मानला जावा.

यातील एकही मागणी अशक्य नाही. प्रत्येकीसाठी लागणारे शास्त्र उपलब्ध आहे, बहुतेकींसाठी कायदाही आहे. अडसर आहे तो हितसंबंधांचा. दहा-बारा पिल्ले देणारा हा मासा नफ्याच्या गतीने जन्म घेऊ शकत नाही. निसर्गाची ही गती वाढविणे भांडवलाच्या हाती नाही, ती मोडणे मात्र त्याच्या हाती आहे. ज्यांना उद्याही याच समुद्रावर जगावयाचे आहे, त्या कोळ्याचा, खलाशाचा आणि पाटीवाल्या बाईचा स्वार्थच मुशी टिकण्यात आहे. जाळ्याचा आस किती असावा आणि कोणत्या पाण्यात कोणी शिरावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या संघटनांनी हाती घेतला, तरच मुशी वाचेल. तो अधिकार लढल्यावाचून मिळणार नाही.